रॉकोसारखा ब्रँड काढायचाय? आधी पन्नास डेकचा हिशेब मांडा

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे, स्केटबोर्ड उत्तम चालवतो. अमेरिकेच्या स्टीव्ह रॉकोचं उदाहरण देऊन म्हणतो, "कॉलेज नको, 3 लाख द्या, स्वतःचा स्केटबोर्डचा ब्रँड काढतो." पैसे द्यावेत का? – एक पालक, नाशिक

उत्तर : 3 लाख आत्ताच देऊ नका, पण त्याला उडवूनही लावू नका. त्याने आदर्श चुकीचा निवडलेला नाही, फक्त त्या माणसाचं बंडच तेवढं पाहिलंय.

रॉको स्वतः व्यावसायिक फ्रीस्टाइल स्केटर, म्हणजे सपाट जागेवर बोर्डच्या करामती करणारा. कंपनीने काढून टाकल्यावर 1987 मध्ये त्याने उधारीच्या पैशांवर धंदा मांडला आणि त्यातून 'वर्ल्ड इंडस्ट्रीज' ही स्केटबोर्ड कंपनी उभी राहिली. तेव्हा बाजार पॉवेल पेराल्टा, व्हिजन आणि सांताक्रूझ या कंपन्यांच्या मुठीत होता. त्यांच्या बोर्डांवरची ग्राफिक्स वर्षानुवर्षं तीच असत. रॉकोने लॉट छोटे ठेवले आणि ग्राफिक्स भराभर बदलली. मार्क मकीसारख्या चित्रकारांनी मोठमोठ्या कंपन्यांची टिंगल करणारी डिझाइन्स काढली, वकिलांच्या नोटिसा आल्या. पण लॉटच छोटा असल्याने अडकून पडणारा मालही थोडाच असे. मोठ्या कंपन्यांना हा वेग झेपला नाही. मासिकांनी जाहिराती नाकारायला सुरुवात केली, तेव्हा 1992 मध्ये त्याने 'बिग ब्रदर' हे स्वतःचं मासिक काढलं. (त्यातला मजकूर पालकांनी न वाचलेलाच बरा.)

दुसरी गोष्ट माणसांची. फ्रीस्टाइलचा जगज्जेता रॉडनी मलन त्याचा भागीदार झाला. स्केटर मार्क गोन्झालेससाठी 1989 मध्ये 'ब्लाइंड' ही कंपनी निघाली. स्केटरच्या नावावर बोर्ड विकण्यापेक्षा त्यालाच ब्रँडचा चेहरा करा, हा रॉकोचा मंत्र. तो त्याच्यावरच उलटला. 1993 मध्ये त्याच्या टीममधले स्केटर रिक हॉवर्ड आणि माइक कॅरोल बाहेर पडले, सोबत आणखी काही जण गेले आणि त्यांची 'गर्ल' ही कंपनी सुरू झाली. मुलाला विचारा, तुझ्या टीममधले दोन जण उद्या निघून गेले तर तुझ्याकडे काय उरेल?

आता कागद-पेन घेऊन बसा. समजा, एक डेक (चाकांशिवायची नुसती लाकडी फळी) छपाईसकट 2,000 रुपयांना पडला. 50 डेकचे झाले 1 लाख. विक्रीची किंमत 3,200. दुकानदाराने 35 टक्के कापले तर हातात 2,080. पाच डेक टीमला फुकट गेले, उरले 45. त्यांचे आले 93,600, म्हणजे सगळा माल खपूनही 6,400 रुपये अंगावर. तेच 45 डेक थेट ग्राहकाला विकले तर 1,44,000. जीएसटी, कुरिअर आणि परत आलेला माल यांचा खर्च यातूनच जाणार. हा तक्ता त्याने स्वतः, खरे दर विचारून भरावा. तो भरता आला तर 50 डेकपुरते पैसे द्या, पुढचा हप्ता विक्री पाहून.

मालही पारखता यायला हवा. बहुतेक डेक मेपलच्या सात थरांचे असतात, पाच लांबीच्या दिशेने आणि दोन आडवे. सुरुवातीला रुंदी 8 आणि 8.25 इंच, एवढीच पुरे. आलेला प्रत्येक डेक सपाट फरशीवर उलटा ठेवून चारही टोकं दाबायची. डुगडुगला तर पिळलेला आहे, परत. मग कडेवरून नख फिरवायचं. थरांमध्ये फट लागली तर गोंद कमी पडलाय किंवा लाकडात ओल होती, आणि असा डेक पहिल्या काही उड्यांतच सुटतो. पावसाळ्यात माल भिंतीला टेकवून ठेवला की वाकतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेल घालून आडवा रचायचा.

टिंगलीची डिझाइन्स मात्र इथे नकोत. दुसऱ्याचा लोगो वापरला की ट्रेडमार्क आणि कॉपीराइट, दोन्ही कायदे आडवे येतात आणि 50 डेकच्या धंद्याला वकिलाची फी परवडत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. स्केटबोर्ड वर्ग 28 मध्ये येतात, कपडे वर्ग 25 मध्ये. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये. टी-शर्ट विकायचे नसतील तर वर्ग 25 चे पैसे वाचवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल किती आहे हे न पाहता जीएसटी नोंदणी आधी करा.

कॉलेजचं म्हणाल, तर चित्रकला चांगली असेल तर यूसीड, म्हणजे डिझाइनच्या पदवीची प्रवेशपरीक्षा, द्यायला लावा. आयआयटी मुंबई घेत असलेली ही परीक्षा कॉमर्सच्या मुलांनाही देता येते, आणि त्यात चित्र काढण्याचा भाग असतो. हात चित्रात नसेल तर बी.कॉम. किंवा बीबीए, आणि कॉस्टिंगचा विषय मन लावून. परीक्षेच्या वर्षात लॉट मागवायचा तो मार्चनंतर. पेपर आणि पार्सलं एकाच आठवड्यात आली की दोन्ही बिघडतात.