वाचकांचे प्रश्न : केळीच्या बागेत दर्याचे पाखरू

प्रश्न : जूनच्या वादळी पावसानंतर बागेत एक काळे पाखरू पडलेले सापडले. कमरेवर पांढरा पट्टा, पंख लांब, उडता येईना. शेजारी म्हणतात पाकोळी. मुलाने मोबाइलवर फोटो शोधला, तो म्हणतो समुद्रावरचे पेट्रेल. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरच्या पुढे. खरे काय धरायचे? (वाचक, यावल)

उत्तर : दहापैकी नऊ वेळा शेजारीच बरोबर निघतील. आपल्याकडच्या पुलांखाली आणि जुन्या वाड्यांत घरटी करणाऱ्या पाकोळीच्याही कमरेवर असाच पांढरा पट्टा असतो. पण रंगावर जाऊ नका, पाय पाहा. पाकोळीचे पाय आखूड, चारही बोटे पुढे वळलेली आणि नख्या आकड्यासारख्या. मुलगा म्हणतो तो पक्षी म्हणजे विल्सनचा वादळी पेट्रेल. त्याचे पाय काडीसारखे लांब असतात, उडताना ते शेपटीच्या मागे डोकावतात. बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो, आणि तो पिवळा. हा पिवळा पडदा दिसला की वाद मिटला.

दुसरी खूण चोचीवर. पेट्रेलच्या चोचीच्या मुळाशी, वरच्या अंगाला नाकाची छोटी नळी असते. पाकोळीची चोच इवलीशी, पण जबडा रुंद. तिसरी खूण वासाची : पेट्रेलच्या पिसांना कस्तुरीसारखा कुबट, तेलकट वास येतो आणि तो हाताला चिकटतो. पेट्रेलची लांबी साधारण 16 ते 18 सेंटिमीटर, वजन 35 ते 45 ग्रॅम. जळगावच्या भाषेत सांगायचे तर, दहा ग्रॅमच्या तोळ्याने चार तोळे.

समुद्रापासून इतक्या आत पेट्रेल येतो कसा, हेही सांगतो. मे ते ऑक्टोबर हे पक्षी अरबी समुद्रात असतात आणि वादळेही त्याच काळात उठतात. 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ धडकलेले निसर्ग चक्रीवादळ दुसऱ्या दिवशीपर्यंत विदर्भाकडे सरकले होते. अशा वाऱ्यात चार तोळ्यांचा जीव कुठवर फेकला जाईल, याला धरबंध नाही. शिवाय अंधाऱ्या, ढगाळ रात्री हे पक्षी दिव्यांकडे ओढले जातात. म्हणून वादळानंतर पेट्रोल पंप, रेल्वे यार्ड, जिनिंगचे आवार अशा उजेडाच्या जागांखाली नजर टाकावी.

प्रश्न : आणि तो पेट्रेलच निघाला तर? (वाचक, अमळनेर)

उत्तर : आधी काय करायचे नाही ते ऐका, कारण हा पक्षी बहुधा मायेनेच मरतो.

पाकोळी जमिनीवर पडली तर तळहातावर घेऊन उंच धरली की उडून जाते, हे अनेकांना ठाऊक असते. पेट्रेलला तसे करू नका. तो उपाशी आणि थकलेला असतो, चार हात जाऊन पुन्हा आदळतो आणि छातीचे हाड किंवा पंख मोडून घेतो. चोचीत पाणी किंवा दूध थेंबथेंब सोडू नका : ते श्वासनळीत उतरते आणि पक्षी तिथेच जातो. भात, पाव, दाणे त्याच्या उपयोगाचे नाहीत. हळद किंवा खोबरेल तर अजिबात नको. पाणी न शिरू देणे हेच त्याच्या पिसांचे सगळे काम. त्यावर तेलाचा हात फिरला की वीण विस्कटते आणि समुद्रावर टेकताच तो भिजतो.

आता करायचे ते. हात साबणाने धुऊन कोरडे करा. नाकातोंडावर रुमाल बांधा. पंख मिटलेले राहतील असे सैल धरा. छाती दाबू नका, पक्षी छातीचे हाड हलवूनच श्वास घेतो. त्याने नारिंगी, उग्र वासाचे तेल ओकले तर घाबरू नका. ते त्याच्या पोटातले साठवणीचे अन्न आहे, आणि तेच तो शत्रूवर फेकतो. पण जेवढे ओकेल तेवढी त्याची शिदोरी कमी होते, म्हणून पुन्हा पुन्हा हाताळू नका.

बुटांचे रिकामे खोके पुरते. पक्षी ठेवण्याआधीच पेन्सिलीने आठ-दहा भोके पाडा. तळाला जुन्या लुगड्याची किंवा धोतराची घडी घाला. वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि टॉवेलच्या धाग्यांत नख्या अडकतात. हा पक्षी जमिनीवर नीट उभा राहत नाही, घोट्यांवर बसूनच सरकतो. त्यामुळे पाय मोडला असे लगेच समजू नका. भिजलेला असेल तर कोरडे सुती कापड टेकवा, चोळू नका. खोके अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. कूलरचा झोत नको, आणि जूनमध्ये पत्र्याच्या खोलीतही नको.

मग वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. वन्य पक्षी घरी ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. जमले तर कागदी पिशवीत घालून सोनाराच्या काट्यावर एकदाच वजन करा आणि सापडल्याची जागा व वेळ लिहून ठेवा. वजन तीस ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला जेवण लागेल, आणि ते पोटात नळी घालून देणे पशुवैद्याचेच काम. सावरलेला पक्षी किनाऱ्यावर, वारा शांत झाल्यावर, सायंकाळी सोडतात. दिवसा घारी आणि कावळे टपलेले असतात.

प्रश्न : इतकी यातायात कशाला? हतनूर धरणाच्या पाण्यात सोडला तर? (वाचक, भुसावळ)

उत्तर : गोड्या पाण्याने तो मरणार नाही, भुकेने मरेल. त्याचे खाणे म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणारे झिंग्यांच्या जातीचे बारीक जीव, लहान मासे आणि मेलेल्या प्राण्यांच्या चरबीचे कण. हतनूरच्या पाण्यावर हे ताट मांडलेले नसते. खारे पाणी तो सहज पितो. डोळ्यांवरच्या ग्रंथी जास्तीचे मीठ गाळतात आणि ते नाकाच्या नळीतून बाहेर टपकते.

प्रश्न : तो पाण्यावर चालतो म्हणतात. खरे का? (वाचक, शिरपूर)

उत्तर : दिसते तसे, पण चालत नाही. पंख पसरून तो वाऱ्यावर तोलतो आणि पाय पाण्यात टेकवतो. पतंगाचे उदाहरण घ्या. दोरा ताणलेला असेल तोवर पतंग वाऱ्यावर उभा राहतो, दोरा तुटला की वाहून जातो. इथे पाण्यात बुडलेले पडदेवाले पाय दोऱ्याचे काम करतात. त्यामुळे पंख फार न हलवता तो एका जागी लोंबकळतो आणि चोचीने खालचे टिपतो.

प्रश्न : त्याची वीण कुठे होते? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : अंटार्क्टिकाचा किनारा आणि भोवतालची बेटे. आपल्याकडे भरीत पार्ट्या रंगतात तेव्हा तिथे उन्हाळा असतो. खडकाच्या फटीत एकच पांढरे अंडे, आईच्या वजनाच्या जवळपास पाव. म्हणजे साठ किलोच्या बाईने पंधरा किलोचे मूल जन्माला घालण्यासारखे! नर-मादी पाळीने चाळीसहून अधिक दिवस उबवतात. पिल्लू उडायला आणखी साधारण दोन महिने लागतात आणि मधल्या काळात ते आईबापांपेक्षा जड होते. येणे-जाणे रात्रीच, कारण दिवसा स्कुआ नावाचे शिकारी समुद्रपक्षी टिपतात. सगळ्यात वाईट म्हणजे हिमवर्षाव : फटीचे तोंड बर्फाने बुजते, आईबाप बाहेर अडकतात आणि पिल्लू आत उपाशी राहते.

प्रश्न : आपल्याच समुद्रात जिवंत पाहायचा तर? (वाचक, चाळीसगाव)

उत्तर : किनाऱ्यावरून क्वचितच, खोल समुद्रातच जावे लागते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरा. आठपट वाढवणारी दुर्बीण पुरे, हलत्या बोटीत दहापट नुसती थरथरते. बोट लागण्यावरची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, पोट ढवळू लागल्यावर नको. नावाड्याला माशाचे तेल थोडे थोडे पाण्यावर सोडायला सांगा आणि वारा जिकडे वाहतो तिकडे नजर ठेवा. पेट्रेल नाकाने शोधतो, त्यामुळे तो वासाचा माग काढत वाऱ्याच्या विरुद्धच येतो.