‘वळखलंस न्हवं मला?’

नव्यानं लग्न झालेल्या सुना माझ्याकडे सल्ल्याला येतात त्या बहुधा घरातल्या माणसांबद्दल बोलायला. ही आली ती रस्त्यावरच्या माणसांना घाबरून. माहेर नाशिकचं, सासर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. नाहीतर पेठेत संध्याकाळपर्यंत बातमी पोचायची.) लग्नात, पूजेला, हळदीकुंकवाला शेकडो चेहरे डोळ्यांसमोरून गेलेले. आता त्यातलं कुणीतरी महाद्वार रोडवर गाठणार आणि विचारणार, "काय गं, वळखलंस न्हवं मला?" या धास्तीनं तिनं भाजीलाही नवऱ्याला धाडायला सुरुवात केली होती.

ताजा प्रसंग गंगावेशीतला. समोर एक बाई. हिनं घाईघाईनं म्हटलं, "हो, ओळखलं की!"

"मग सांग बघू, कोन मी?"

"आपल्यातल्याच की तुम्ही!"

या उत्तराला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. पण बाई खूश झाल्या आणि तिथंच घात झाला. भरपूर गप्पा झाल्या आणि निघताना आमंत्रण आलं, "रविवारी नातवाचं बारसं हाय, सासूला घिऊन ये." हिनं "नंबर द्या ना" ही पळवाटही काढून पाहिली. नंबर मिळाला, नाव नाहीच. शेवटी तो 'बारसं' म्हणून सेव्ह केला. आता रविवार दोन दिवसांवर, घर कुणाचं ठाऊक नाही आणि सासूबाईंना विचारायची छाती होत नाही.

"मला विसरण्याचा काही आजार आहे का हो?" बिचारी रडवेली झाली होती.

आजार नाही. नाव ही चीजच निसरडी. १९८७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय शिकवले. एकच शब्द कधी आडनाव म्हणून, कधी व्यवसाय म्हणून दिला. व्यवसाय म्हणून सांगितलेला लक्षात राहिला, तोच आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. आपल्याकडचं बघा. 'हे कुंभारकाम करतात' म्हटलं की चाक, माती, भट्टी सगळं डोळ्यांपुढे येतं. 'हे बँकेतले कुंभार' म्हटलं की काहीच येत नाही. त्यात नव्या सुनेचं निम्मं लक्ष पदराकडे आणि उरलेलं 'वाकून नमस्कार करायचा की नुसते हात जोडायचे' या हिशोबात. नाव कानावर पडतं, आत जातच नाही.

तिच्याकडून मी एकच वाक्य घोकून घेतलं: "चेहरा पक्का ओळखीचा आहे, पण नाव जिभेवर येईना. एकदा सांगा ना." अट एवढीच की हे भेटल्या भेटल्या म्हणायचं. एकदा "ओळखलं की" म्हटलं की पुढच्या प्रत्येक मिनिटाला व्याज चढतं. नात्याची हाक मारून वेळ मारून न्यावी म्हणाल, तर जपून. पन्नाशीतल्या बाईंना 'काकी' चालतं. चाळिशीतल्यांना म्हटलंत तर नाव विसरल्याचं त्या माफ करतील, काकी म्हटल्याचं नाही.

सासूबाईंना मात्र आजच विचार, असं बजावून पाठवलं. रात्रीच तिचा फोन आला. सासूबाईंनी बाईंचं वर्णन नीट ऐकून घेतलं, नंबर बघितला आणि म्हणाल्या, "अगं, ही उत्तरेश्वराची." (म्हणजे उत्तरेश्वर पेठेतली.) नाव? "नाव कशाला लागतंय? गेली कित्येक वर्षं मी तिला उत्तरेश्वराचीच म्हणतोय." घर तेवढं ठाऊक होतं. दोघी बारशाला गेल्या. बाळाचं नाव कळलं, आजीचं नाही.

पण त्या दिवसापासून सासू-सुनेचा करार झालाय. कुणी अनोळखी दिसलं की सून पुढं होते, "नमस्कार, मी यांची धाकटी सून," आणि स्वतःचं नाव सांगून थांबते. समोरची व्यक्ती आपलं नाव सांगतेच, आणि सासूबाई मागून ऐकून घेतात. हा उपाय मी सांगितला नव्हता, पण आता बिनदिक्कत इतरांना सांगतो. अडचण एकच उरलीय. सासूबाईंना तो इतका आवडलाय की कुठल्याही लग्नाला त्या सुनेशिवाय पाऊल टाकत नाहीत, आणि पुढच्या वेळी सून येणार आहे ती याबद्दल बोलायला.