भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम नक्की कोणाचं, आणि आत फक्त जुन्याच वस्तू आहेत का?

म्युझियम मुंबई महापालिकेचंच आहे, पण कारभार ट्रस्टकडे आहे, आणि आत आजच्या आर्टिस्टची प्रदर्शनंही लागतात. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जपणारी संस्था) आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, वास्तूची डागडुजी होऊन २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि तेव्हापासून संचालक तस्नीम मेहता यांच्या हाताखाली त्याचा चेहराच बदलला. आर्टिस्टला बोलवायचं आणि इथल्याच संग्रहाला उत्तर म्हणून नवं काम करायला लावायचं ही आयडिया, सुदर्शन शेट्टी २०१० मध्ये आले, मग २०११ मध्ये जितीश कल्लाट. कल्लाटचं काम म्हणजे सोनेरी नक्षीच्या खांबांमध्ये चक्क बांबूची परांची, म्हणजे बघताना वाटणार रंगकाम चालूय, जवळ गेलं की कळतं ते बांबू नाहीतच, रेझिन आणि स्टील ओतून केलेत, आणि त्यावर व्हीटी स्टेशनच्या दगडी कोरीवकामातले प्राणी चढलेत. भारी प्रकार! मागच्या बाजूला प्लाझा आहे, मुलांची वर्कशॉप, लेक्चर वगैरे तिकडे चालतं. नवीन विंगसाठी २०१४ मध्ये अमेरिकन आर्किटेक्ट स्टीव्हन हॉलचं डिझाइन निवडलं होतं, ते मात्र कागदावरच राहिलं. एकच गोष्ट, प्रदर्शनं कायमची नसतात, मधल्या काळात गेलात तर मातीच्या बाहुल्या आणि जुन्या मुंबईचे नकाशेच बघायला मिळतील (तेही कमी नाहीत), तेव्हा आधी चौकशी करा, आणि बुधवारी जाऊ नका, बंद असतं.