सरकार बदलले की मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसनाचे धोरणही बदलते का?

मुळापासून क्वचितच बदलते. बहुधा बदलतात त्या पात्रतेच्या तारखा, म्हणजे कोणत्या तारखेआधीपासून झोपडीत राहणाऱ्याला घर मिळेल ते, आणि घराचे क्षेत्रफळ. खरा मोठा बदल १९९५ चा. त्याआधी, १९९१ मध्ये, काँग्रेस सरकारने विकासकाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर अधिक बांधकामाची मुभा, देणारी योजना आणली होती, परंतु तीत रहिवाशांना खर्चाचा काही वाटा उचलावा लागे आणि विकासकाच्या नफ्यावर २५ टक्क्यांची मर्यादा होती. चाळीस लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे आश्वासन देऊन सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने ती मर्यादा उठवली, घर विनामूल्य केले आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन केले. पुढच्या सरकारांनी, मग ती आघाडीची असोत वा युतीची, हा सांगाडा मोडला नाही. घर २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि नंतर ३०० वर गेले, तर १९९५ ची पात्रता-तारीख आधी १ जानेवारी २००० पर्यंत आणि, सशुल्क घरांसाठी, २०११ पर्यंत सरकली. यात सरकारी तिजोरीला फारशी तोशीस पडत नाही, कारण खर्च विकासक खुल्या बाजारात विकण्यासाठी बांधतो त्या इमारतींतून निघतो. म्हणूनच जमिनीला भाव असेल तिथे योजना धावते आणि नसेल तिथे, सत्तेवर कोणीही असो, रखडते.