पैसा कधी लागणार, ते आधी ठरवा
निवृत्तीनंतरचा पैसा आणि दिवस : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ४६ लाख आले. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन ४,२०० रुपये. घर स्वतःचं, कर्ज नाही, दोघांचा महिन्याचा खर्च २८,००० आहे. ओळखीच्या एजंटने ‘वर्षाला ५ लाख, सात वर्षं भरा, पुढे आयुष्यभर उत्पन्न’ अशी विमा योजना दिली. पहिला हप्ता भरला, पॉलिसी हातात येऊन बारा दिवस झालेत. आता शंका येते आहे. – एक वाचक, सातपूर

उत्तर : पहिलं काम पॉलिसीचं, कारण त्याची मुदत चालू आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. अर्ज, मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि ओळखीचे पुरावे कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. एजंटच्या हाती देऊ नका. ‘साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू’ असं म्हणता म्हणता ३० दिवस सरतात. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विमाछत्राची थोडी रक्कम कापून बाकीचे पैसे परत मिळतात. योजना वाईट म्हणून हे सांगत नाही. पगार थांबलेल्या माणसाने दरवर्षी ५ लाख भरायचं वचन देणंच चूक आहे. तिसऱ्या वर्षी आजारपण आलं आणि हप्ता चुकला, तर भरलेल्यातलं बरंच हातचं जातं.

दुसरं काम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं. ‘साठ पूर्ण झाल्यावर या’ असं सांगून तुम्हाला परत पाठवलं जाईल, पण तेवढ्यावर परत येऊ नका. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांनाही हे खातं उघडता येतं. अट एवढीच की, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडायचं, आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त टाकायचं नाही. त्यासाठी कारखान्याकडून पत्र लागतं : निवृत्तीची तारीख आणि कारण, पद, नोकरीचा काळ, कोणते पैसे किती मिळाले. हे पत्र आजच मागा. बहुतेकांचं इथेच अडतं : पैसे बचत खात्यात पडून राहतात, पत्र चौथ्या महिन्यात येतं आणि मग साठीपर्यंत थांबावं लागतं.

मर्यादा ३० लाख. व्याज एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, पण खातं उघडतानाचा दर पाच वर्षं तोच राहतो. २६ लाख टाकलेत तर दर तिमाहीला ५३,३०० रुपये येतील, म्हणजे महिन्याला साधारण १७,७५०. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, म्हणजे एमआयएसमध्ये, एकाच्या नावावर ९ लाख ठेवता येतात (दोघांच्या नावे १५ लाख). ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५० मिळतात. पेन्शन धरून बेरीज साडेसत्तावीस हजारांच्या आसपास, म्हणजे आजचा खर्च जवळजवळ निघाला.

बचत योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी येतं. ५३ हजार एकदम दिसले की त्याच महिन्यात कूलर, गाडीचे टायर, नातवाचा वाढदिवस सगळं निघतं आणि पुढचे दोन महिने ओढाताण होते. म्हणून हे व्याज एका वेगळ्या खात्यात घ्या आणि तिथून दर महिन्याच्या एक तारखेला १७,५०० घरखर्चाच्या खात्यात आपोआप वळतील, अशी कायमची सूचना बँकेला द्या.

उरले ११ लाख. त्यातले ३ लाख लगेच मोडता येतील अशा बँक ठेवीत, एक-एक लाखाच्या तीन पावत्या करून ठेवा. एकच पावती असेल तर ४० हजारांसाठी सगळी मोडावी लागते. राहिलेल्या ८ लाखांना सात वर्षं हात लावायचा नाही. आज २८,००० लागतात, तर महागाई ६ टक्के धरली की दहा वर्षांनी त्याच संसाराला ५०,००० लागतील, आणि पोस्टाचं व्याज तर तेवढंच राहणार. ही दरी भरायला काही पैसा वाढत राहायला हवा. शेअर आणि रोखे दोन्ही असलेल्या एखाद्या हायब्रीड म्युच्युअल फंडात, थेट (एजंटविना घेतलेल्या) योजनेत, वर्षभरात दर महिन्याला थोडे थोडे करून टाका. बाजार खाली गेला की झोप उडणार असेल तर ८ ऐवजी ४ लाखच टाका, पण शून्य करू नका.

करापुरतं : वर्षाचं उत्पन्न सुमारे ३ लाख ३० हजार होतं. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. तरीही व्याजातून टीडीएस कापला जाईल. तो टाळायला एप्रिलमध्येच ‘माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही’ असं घोषणापत्र द्या. त्याचा सध्याचा फॉर्म कोणता, ते बँकेत आणि पोस्टात विचारून घ्या. चुकीचा फॉर्म दिला तर तो बाजूला पडतो आणि कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मागावे लागतात.

आणि पत्नीला हे सगळं समजावून सांगा. तुमच्यामागे ईपीएसची पेन्शन त्यांना निम्मीच मिळेल, २,१०० रुपये. कोणतं खातं कुठे, पासबुक कुठे, नॉमिनी कोण, हे एका वहीत त्यांच्या हाताने लिहून घ्या.

प्रश्न : पतीच्या निधनानंतर मिळालेले १४ लाख पंचवटीतल्या एका पतसंस्थेत ठेवले आहेत. बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त मिळतं. माणसं ओळखीची आहेत. ठेवू का तशीच? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : नको. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत मिळतात. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. नावात किंवा पाटीवर काहीही असो, पावतीवर ‘पतसंस्था’ असेल तर विम्याचं छत्र शून्य.

१४ लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला २१,००० रुपये. तेवढ्यासाठी सगळी पुंजी एका जागी आहे. ओळखीची माणसं प्रामाणिक असली तरी त्यांनी दिलेली कर्जं वसूल झाली नाहीत तर ठेव परत देता येत नाही. त्यात चेअरमनच्या स्वभावाचा संबंध नसतो.

एकदम सगळं मोडून व्याज घालवू नका. ज्या पावतीची मुदत आधी संपते ती नूतनीकरण न करता काढा. ज्यांच्या मुदती वर्षापेक्षा लांब आहेत, त्यांचं मुदतपूर्व मोडण्याचं नुकसान लेखी विचारा. ते दोन टक्क्यांच्या आत असेल तर मोडलेलं बरं. काढायला गेल्यावर ‘पुढच्या महिन्यात या’ असं एकदा जरी ऐकलं, तर लगेच लेखी मागणी देऊन पोच घ्या, आणि पैसे आले नाहीत तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करा. काढलेले पैसे तीन-चार बँकांत वाटा. एका बँकेत ठेवताना व्याज धरून ५ लाखांच्या आत बसायला हवं : दोन वर्षांची, ७ टक्क्यांची पुनर्गुंतवणुकीची ठेव सव्वाचार लाखांची असेल तर मुदतीअखेर साधारण ४ लाख ८८ हजार होते. साडेचार लाखांची ठेव मात्र ५ लाखांची मर्यादा ओलांडते. तुमचं वय साठीच्या पुढे असेल तर वर सांगितलेली ज्येष्ठ नागरिक योजनाच तुमच्यासाठी सर्वांत सोयीची.

प्रश्न : कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपणार. मला मधुमेह, पत्नीला रक्तदाब. आता विमा कोण देईल? – अंबडमधील एक वाचक

उत्तर : देतील, पण निवृत्तीच्या दिवसाची वाट पाहू नका. दीड-दोन महिने आधी कंपनीच्या त्याच विमा कंपनीकडे ‘ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत’ जाण्याचा अर्ज करा. असं गेल्यास ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळात धरली जातात. मध्ये खंड पडला की नव्याने सुरुवात. जुन्या आजारांसाठी नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मधुमेह लपवू नका. रुग्णालयाच्या केसपेपरवर पहिल्याच ओळीत ‘मधुमेह, अमुक वर्षांपासून’ असं लिहिलेलं असतं आणि दावा तिथेच अडकतो.

पॉलिसी निवडताना हप्त्याआधी खोलीभाड्याची मर्यादा पाहा. मर्यादा ५,००० आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फरक फक्त तीन हजारांचा राहत नाही. शस्त्रक्रिया, डॉक्टर यांचे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात : असा १ लाख ६० हजारांचा खर्च असेल तर विमा १ लाखच देतो. बिल हातात आल्यावर घरचे चक्रावतात ते यामुळेच. मर्यादा नसलेली ५ लाखांची मूळ पॉलिसी आणि वर ५ लाखांनंतर सुरू होणारी सुपर टॉप-अप, ही जोडी एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, आधार पुरतं. रुग्णालय योजनेत आहे का, आणि तुम्हाला लागणारा उपचार तिथे योजनेतून होतो का, हे दाखल होण्याआधी विचारा.

प्रश्न : इंदिरानगरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, आत्ताच बक्षीसपत्र करा, मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, मागाहून कटकट नको.’ मुलगा चांगला आहे. करू का?

उत्तर : मुलगा चांगला आहे म्हणूनच त्याला नीट समजावता येईल. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की त्या क्षणापासून घर त्याचं. पुढे त्याचा धंदा अडचणीत आला, त्याने कर्जासाठी घर गहाण ठेवलं किंवा त्याच्याच घरात वाद झाला, तर छप्पर तुमचं जातं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होतं, आणि त्या वयात पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज करायला किती जण धजतात?

मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. फ्लॅटचा क्रमांक, सर्व्हे नंबर, सोसायटीच्या भागदाखल्याचा क्रमांक लिहा. पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क, त्यानंतर घर कुणाला, हे स्पष्ट लिहा. शेवटी ‘याव्यतिरिक्त माझी जी काही मालमत्ता असेल ती’ हे वाक्य हवंच, नाहीतर विसरलेली एखादी पावती वारसांना भांडायला पुरते. प्रत्येक पानावर सही करा. दोन साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळत नाही असे घ्या. त्याच तारखेचं डॉक्टरांचं ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ असं प्रमाणपत्र जोडा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवावी. सोसायटीत आणि बँकेत नॉमिनी वेगळा भरावा लागतो, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे किंवा घर त्याच्या ताब्यात येतं, हक्क वारसांचा राहतो.

मुलाच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणूनही सही करू नका. मदत करायचीच असेल तर झेपेल एवढी रक्कम उघड हाताने द्या.

प्रश्न : हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला बँकेत रांग लावायलाच हवी का?

उत्तर : नाही. मोबाईलवर ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्या. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि पेन्शनचं खातं हाताशी ठेवा. चेहरा उजेडाकडे करा, चष्मा काढा. मागे खिडकी असेल तर फोटो नाकारला जातो. ईपीएसचा दाखला वर्षात केव्हाही देता येतो, तो १२ महिने चालतो. ‘दाखला संपला, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

प्रश्न : यजमान निवृत्त होऊन आठ महिने झाले. दिवसभर टीव्ही, मोबाईल आणि माझ्या स्वयंपाकात सूचना. काय करावं? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : सूचना थांबवायच्या तर एक पूर्ण काम त्यांच्याकडे सोपवा : भाजी आणि किराणा आणणं, निवडणं, हिशेब, सगळं. अर्धं काम दिलं की उरलेल्या अर्ध्यावर मत येतं. आणि ते करत असताना तुम्ही सूचना द्यायच्या नाहीत, हे अवघड आहे पण पाळा.

घराबाहेर आठवड्यात तीन ठरलेल्या वेळा हव्यात. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की जमत नाही. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर पाऊण तास चालणं. आठवड्यातून एकदा सार्वजनिक वाचनालय : १८४० पासूनचं आहे, पुस्तक बदलायला तरी पाय निघतो. तिसरी वेळ लोकांची : भागातला ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, किंवा महापालिकेच्या शाळेत आठवड्यातून दोन तास गणित शिकवणं. हिशेबात हात बसलेल्या माणसाला हे शेवटचं फार मानवतं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, संध्याकाळ चांगली जाते.

आणि महिन्यातून एकदा दोघांनीच बाहेर पडा. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच. त्यांना पासष्टनंतर अर्धं, पंचाहत्तरनंतर शून्य. त्र्यंबक किंवा वणीला शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी जा. सप्तशृंगीला गुडघे दुखत असतील तर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आधार कार्ड जवळ असू द्या, वयाचा पुरावा दाखवला नाही तर वाहक पूर्ण तिकीट घेईल.