बारा फूट दहा इंच म्हणजे 12.10 फूट नव्हे

प्रश्न : दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात नवीन टाइल्स बसवायच्या आहेत. दिवाणखाना 16 फूट लांब व 12 फूट 10 इंच रुंद असून त्याला लागून 5 फूट बाय 3 फूट 6 इंचांचे देवघर आहे. 16 × 12.10 आणि 5 × 3.6 असे गुणून मी 211.6 चौरस फूट काढले; त्यावरून ‘दोन बाय दोन’च्या 53 टाइल्स, म्हणजे चार-चारच्या 14 पेट्या पुरतील असे वाटते. मिस्त्री मात्र 17 पेट्या मागतात. ते जास्त सांगत आहेत का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : मिस्त्रींची मागणी रास्त आहे. फुटाचे इंच बारा असतात, दहा नव्हेत. त्यामुळे इंच थेट दशांश चिन्हापुढे लिहिता येत नाहीत, त्यांना आधी 12 ने भागावे लागते. दहा इंच म्हणजे 0.83 फूट आणि सहा इंच म्हणजे 0.5 फूट. सर्व मापे इंचांत घेतली तर चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही : 192 × 154 = 29,568 चौरस इंच; त्याला 144 ने भागले की दिवाणखान्याचे 205.33 चौरस फूट मिळतात. देवघराचे 17.5 मिळवून एकूण क्षेत्रफळ 222.83 चौरस फूट होते.

दुसरी चूक टाइलच्या नावामुळे झाली आहे, आणि ती फार जणांची होते. बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, म्हणजे साधारण 23.6 इंचांची असते. तिचे क्षेत्रफळ 4 नव्हे, तर 3.875 चौरस फूट भरते, म्हणून चार टाइल्सच्या पेटीत 15.5 चौरस फूटच माल येतो. आपल्या 14 पेट्यांत 217 चौरस फूट झाले असते. एकही टाइल न फुटता, न कापता जमीन उघडी राहिली असती.

नेहमीप्रमाणे कापकुटीसाठी दहा टक्के धरले तर 16 पेट्या येतात. तरीही मिस्त्री 17 का म्हणतात, हे ओळी मोजल्यावर कळते. सोळा फुटांत, टाइल्समधले सांधे धरून, आठ पूर्ण टाइल्स बसून भिंतीशी सहा सेंटिमीटरची बारीक पट्टी उरते. ती वाईट दिसते आणि कापताना तुटते, म्हणून चांगला कारागीर मधे सात पूर्ण टाइल्स घेऊन दोन्ही कडांना 33 सेंटिमीटरचे सारखे तुकडे लावतो. हे तुकडे अर्ध्या टाइलपेक्षा मोठे असल्याने एका टाइलमधून एकच निघतो आणि उरलेला भाग दुसऱ्या कडेला चालत नाही. अशा रचनेत दिवाणखान्याला 59 आणि देवघराला 6, मिळून 65 टाइल्स लागतात. 16 पेट्यांत 64 च आहेत.

यात भिंतीलगतची स्कर्टिंग धरलेली नाही. ती याच टाइलमधून कापायची असल्यास तिचा हिशोब वेगळा करावा. जुन्या घराच्या भिंती क्वचितच समांतर असतात, म्हणून रुंदी दोन्ही टोकांना मोजून मोठे माप धरावे. सर्व पेट्या एकाच वेळी घ्याव्यात आणि प्रत्येकीवरचा बॅच व शेडचा क्रमांक एकच आहे, हे दुकानातच पाहून घ्यावे.