गाडीची तपासणी होते, आतल्या माणसाचं काय?

प्रश्न : वडिलांच्या छातीत दुखू लागलं म्हणून खासगी अँब्युलन्स बोलावली. सोबत फक्त ड्रायव्हर होता. ऑक्सिजन मीच लावला. हे नियमात बसतं का?

गाडीपुरतं बोलायचं तर बसतं. एआयएस-१२५ या मानकात अँब्युलन्सचे चार प्रकार आहेत : ए प्रथम मदतीची, बी रुग्णाची नुसती ने-आण करणारी, सी म्हणजे बीएलएस (प्राथमिक जीवरक्षक सोयींची) आणि डी म्हणजे एएलएस (प्रगत जीवरक्षक सोयींची). पण हे मानक गाडीच्या बांधणीचं आहे. आरटीओ गाडी तपासतं. आत कोण बसणार, तो काय शिकला आहे, हे विचारणं आरटीओचं कामच नाही.

माझ्याकडे एकदा एक आजोबा आले. मास्क नीट बसवलेला, सिलिंडर भरलेला, पण व्हॉल्व्ह उघडलेलाच नव्हता. गाडीत काहीही खोट नव्हती.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हे राज्यसूचीतले विषय आहेत, तेव्हा ही फट राज्यानेच बुजवायला हवी. गुजरातने २००७ मध्येच आपत्कालीन वैद्यकीय सेवेसाठी वेगळा कायदा केला. सी आणि डी प्रकारची गाडी नोंदणीकृत, प्रशिक्षित माणसाशिवाय रुग्ण घेऊन निघणार नाही, हे कलम महाराष्ट्रात मला सगळ्यात आधी हवं आहे. तोवर फोनवरच विचारा, ‘सोबत कोण येणार?’

प्रश्न : १०८ मध्ये तर डॉक्टर असतो. मग गाडीतल्या प्रशिक्षित टेक्निशियनच्या नोंदणीचा, परवान्याचा एवढा आग्रह कशाला?

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यात २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस होत्या. गाडीत डॉक्टर देण्याचा निर्णय चांगल्या हेतूने झाला, आणि रात्री-अपरात्री धावणाऱ्या या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर पुष्कळ आहेत. पण चेपलेल्या मोटारीतून मान न हलवता माणूस बाहेर काढणं, धावत्या गाडीत बाळंतपण करणं, ही कामं एमबीबीएसलाही पदवीच्या जोरावर येत नाहीत. ती हाताला बसावी लागतात, आणि सराव सुटला की हातातून जातात. सीपीआरचंच, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचंच बघा : मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. वर्षभर सराव नसेल तर चांगल्या-चांगल्यांचा दाब उथळ पडतो.

म्हणून परवाना आयुष्यभराचा नसावा. दर दोन वर्षांनी पुतळ्यावर हात चालवून दाखवायचा आणि मगच नूतनीकरण. डॉक्टरलाही यातून सूट नको.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. कोणत्या पायरीच्या माणसाने काय करायचं, हे कायद्याने लिहून द्यावं : ईएमटीने (आपत्कालीन वैद्यकीय टेक्निशियनने) काय द्यायचं, त्याच्या वरच्या पायरीवरच्या पॅरामेडिकने शिरेतून कोणती औषधं द्यायची, कॉल सेंटरच्या डॉक्टरला कधी विचारायचं. हे लिहिलेलं नसलं की टेक्निशियन घाबरतो. येत असूनही करत नाही आणि नुसती गाडी पळवायला सांगतो. विजेच्या शॉकची गरज असलेल्या हृदयाला प्रत्येक मिनिटाचा उशीर जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतो.

प्रश्न : माझा एक वर्षाचा ईएमटी डिप्लोमा झालाय. नव्या कायद्यात मी कुठे बसतो?

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने, तुमच्या व्यवसायाला परिशिष्टात जागा दिली आहे, याचा मला आनंद आहे. मात्र ‘संलग्न व्यावसायिक’ होण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. ‘आरोग्यसेवा व्यावसायिका’साठी तीन ते सहा वर्षांत ३,६००. एका वर्षात हे बसत नाही. नोंदणी राज्य परिषदेकडे असते, तेव्हा तिथे लेखी विचारा आणि लॉगबुक, अनुभवाचे दाखले जपून ठेवा. वर्षानुवर्षं गाडीवर घालवलेल्या मुलांसाठी राज्याने उरलेलं शिक्षण भरून काढणारा ब्रिज कोर्स द्यावा. त्यांना बाहेर काढून गाड्या कोण चालवणार?

प्रश्न : अटी वाढल्या तर दुर्गम भागात अँब्युलन्सच मिळणार नाही ना?

सगळ्यांना एकच अट लावली तर तसंच होईल. पाड्यावर पोचणाऱ्या गाडीत पॅरामेडिक नसला तरी चालेल. पण रक्तस्राव थांबवणारा, श्वासमार्ग मोकळा ठेवणारा माणूस हवाच, आणि ते पायलटलाही, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरलाही शिकवता येतं.

प्रश्न : रस्त्यावर मदत करताना चूक झाली तर माझ्यावर केस होईल?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं तुम्हाला संरक्षण आहे. अपघातग्रस्ताला सद्भावनेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत केली असेल, तर मदतीतल्या हलगर्जीपणासाठीही तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. बिनधास्त पुढे व्हा, आणि आधी १०८ लावा.